डिशवॉशरचा वायसर

मराठीत ‘डिश’ या शब्दाचा संसार लहान आहे. पोह्यांची, मिसळीची किंवा सुपारी फोडण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांपुढे येणारी चिवडा-लाडवाची जी उथळ बशी असते तिला डिश म्हणतात, आणि पातेले, परात, कढई, तवा किंवा कुकर यांपैकी कोणालाही ते नाव चुकूनही दिले जात नाही. ‘वॉशर’ची गोष्ट याहून गंभीर आहे; इंग्रजीत धुणाऱ्यालाही वॉशर म्हणतात आणि दोन भागांच्या सांध्यातून पाणी गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या चकतीलाही वॉशर म्हणतात, परंतु मराठीने त्यांपैकी चकतीचा अर्थ तेवढा उचलला, त्याचा ‘वायसर’ केला आणि धुण्याचा अर्थ इंग्रजांकडेच राहू दिला. त्यामुळे शिरूरच्या बाजारपेठेतील नळसामानाच्या दुकानात एखाद्या गृहस्थाने ‘डिशवॉशरचा वॉशर’ मागितला आणि दुकानदाराने शांतपणे “कितीचा? अर्ध्याचा का पाऊणचा?” असे विचारले, तर त्यात दुकानदाराचे अज्ञान नसते. भाषाशास्त्राच्या अंगाने त्याचा प्रश्न बरोबर असतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे यंत्रशास्त्राच्या अंगाने तर तोच एकमेव बरोबर प्रश्न असतो.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत भांडी धुण्याचे यंत्र क्वचित येते, आणि येते तेव्हा बहुधा जुने होऊनच येते. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या सोसायट्यांनी भांड्याला येणाऱ्या मावशींना फाटकावरच थांबवले, तेव्हा ज्या घरांनी आयुष्यात कधी कढई घासली नव्हती त्या घरांत या यंत्राची आवड एकाएकी उत्पन्न झाली. टाळेबंदी उठली, मावशी परत आल्या, त्यांनी यंत्रातून निघालेल्या भांड्यांवरून बोट फिरवून पाहिले आणि काहीही न बोलता ती पुन्हा घासायला घेतली. त्यानंतर काही वर्षे यंत्र ओट्याखाली राहिले, मग त्याच्या पुढ्यात पाणी दिसू लागले, मग स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले, आणि अखेरीस ते टाकायला महाग व विकायला स्वस्त आहे असे लक्षात आल्यावर “गावाकडे उपयोगी पडेल” हा ठराव झाला. मराठी कुटुंबात कोणत्याही वस्तूला मुक्ती मिळण्याआधी गावाची एक खेप करावीच लागते. जुना दिवाण, शोकेस, तीन पात्यांचा पंखा आणि व्यायामाची सायकल यांनी मळलेल्या या वाटेने यंत्र नगर रस्त्याने शिरूरला किंवा सोलापूर रस्त्याने दौंडला टेंपोतून येते.

दौंडच्या बाबतीत या आगमनाला एक ऐतिहासिक क्रम आहे. पुण्याच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलायचे आणि जुन्या मुठा उजव्या कालव्यात, ज्याला लोक बेबी कालवा म्हणतात त्यात, हवेली व दौंड तालुक्यांतील शेतीसाठी सोडायचे, अशी योजना आहे. म्हणजे पुण्यातल्या यंत्राने धुतलेल्या ताटांचे पाणी आधी दौंडच्या उसापर्यंत पोहोचते आणि काही वर्षांनी त्याच पाण्याच्या मागोमाग यंत्रही पोहोचते. सासरी आधी रुखवत जावे आणि मग नवरीने जावे तसा हा प्रकार आहे.

शिरूरचा या यंत्राशी असलेला संबंध याहून थोर, पण तितकाच आडवळणाचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कोक्रेन या बाईंनी पाण्याच्या दाबाने भांडी धुणाऱ्या यंत्राचे पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळवले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट कंपनीकडे गेली, होबार्टचा किचनएड हा घरगुती उपकरणांचा व्यवसाय पुढे १९८६ मध्ये, म्हणजे पेटंटच्या बरोबर शताब्दीच्या वर्षी, व्हर्लपूलकडे आला, आणि व्हर्लपूलच्या भारतीय कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आज रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, तालुका शिरूर, या पत्त्यावर आहे. तेथे तयार होतात ते मात्र फ्रीज. कोक्रेनबाईंचा वंश असा शिरूर तालुक्यात नांदत असताना तालुक्यातल्या घराघरांत भांडी अजून काथ्याने आणि तारेच्या घासणीने घासली जातात. आणखी मागे जायचे असेल तर याच तालुक्याच्या सीमेवर टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मधून वाहणाऱ्या कुकडी नदीचे पात्र पाहावे: भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगरत राहिल्याने तेथील काळ्या बेसाल्टमध्ये प्रचंड रांजणखळगे कोरले गेले आहेत. पाण्याचा झोत गोल फिरवून खरकटे काढणे हे डिशवॉशरचे तत्त्व. कुकडीने त्याच तत्त्वाचा अतिरेक करून घासता घासता भांडीच निर्माण केली, आणि तिच्या गळतीबद्दल कोणी तक्रार केल्याचे आढळत नाही.

आता गळतीकडे वळायचे तर प्रथम क्रियापदांचा विचार करावा लागतो, कारण पाणी नको तेथे येण्याच्या प्रकारांना मराठीने जितके शब्द दिले आहेत तितके नीट येण्याला दिलेले नाहीत. एकेक थेंब अंतराने पडतो ते ठिबकणे. भिंतीच्या किंवा सांध्याच्या पलीकडून ओल उमटते ते झिरपणे. तीच ओल सावकाश, सतत आणि कोणाच्या लक्षात न येता वाहू लागते ते पाझरणे. पृष्ठभागावरून रेघ ओढत खाली येते ते ओघळणे. आणि धुतलेल्या भांड्याचे अंगचे पाणी खाली उतरते ते निथळणे, जे या सर्वांत एकमेव सदाचारी क्रियापद आहे. दुरुस्ती करणारा जाणता असेल तर तो फोनवरच विचारतो, “ठिबकतंय का ओघळतंय?” ठिबकत असेल तर तो नळीच्या सांध्याचा विचार करतो, ओघळत असेल तर दाराच्या रबराचा, पाझरत असेल तर पंपाच्या सीलचा, आणि ग्राहकाने “काय माहीत, सगळीकडं पाणीच पाणी झालंय” असे उत्तर दिले तर उद्या येतो म्हणून सांगतो.

यांपैकी ठिबकण्याला या भागात विशेष प्रतिष्ठा आहे, कारण पिकाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या संचालाही ठिबकच म्हणतात आणि त्यासाठी सरकार अनुदान देते. ‘प्रति थेंब अधिक पीक’ या नावाच्या योजनेत यंत्राच्या तळाशी पडणारा थेंब बसत नाही, याचे एखाद्या शेतकऱ्याला वैषम्य वाटले तर ते समजण्यासारखे आहे; पण हिशेब केल्यास शासनाचा निर्णय योग्य वाटतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि दर सेकंदाला एक थेंब पडतो असे मानले, तर दिवसाला ८६,४०० थेंब म्हणजे सव्वाचार लिटरांच्या आसपास पाणी होते. ठिबक संचाचा ताशी चार लिटरांचा एक ड्रिपर हेच काम तासाभरात उरकतो. थोडक्यात, ज्या गळतीमुळे घरात तीन दिवस अबोला असतो ती गळती उसाच्या एका सरीचीही तहान भागवू शकत नाही. ज्या तालुक्यांत पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजले जाते आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर हे शाळेतल्या मुलालाही ऐकून ठाऊक असते, तेथे लिटरभर पाण्यासाठी मिस्त्री बोलावणे काहीसे कमीपणाचे वाटते.

तरीही मिस्त्री येतो, आणि त्याला जी पद्धत वापरावी लागते तिचे नाव त्याच्या गावात आधीपासून प्रचलित आहे. कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक मुदतीने सुटणारे पाणी, वरच्या शेतकऱ्यांनीच संपवू नये म्हणून आधी शेवटच्या टोकाला द्यायचे आणि मग वर सरकत यायचे, या रीतीला ‘टेल टू हेड’ म्हणतात. खडकवासला साखळीतील चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी पाणी मावते. ते पुणे शहर पिऊन झाल्यावर नव्या मुठा उजव्या कालव्याने दौंड आणि इंदापूरकडे निघते, आणि टेलचा माणूस पाणी कोठे गेले याचा शोध नेहमी शेवटापासून सुरुवातीकडे घेतो. डिशवॉशरची गळती शोधतानाही तेच करावे लागते: पाणी दिसते तेथे ते गळत नसते, ते फक्त तेथे पोहोचलेले असते. समोर डबके दिसते म्हणून दार दोषी ठरवणे ही टेलवाल्यालाच पाणीचोर ठरवण्यासारखी चूक आहे. डबके पुसायचे, प्लग काढायचा, खालची पत्र्याची पट्टी उघडायची, जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि मग पुन्हा प्लग लावून, यंत्र चालू करून कागद प्रथम कोठे भिजतो ते पाहायचे. वेळही पाहायची. सुरुवातीलाच, पाणी भरताना कागद भिजला तर दोष येणाऱ्या नळीचा किंवा झडपेचा. मधल्या धुण्यात भिजला तर दाराचा, फवाऱ्याच्या पात्यांचा किंवा पंपाचा. शेवटी पाणी बाहेर टाकताना भिजला तर जाणाऱ्या नळीचा. आणि यंत्र बंद असताना रात्रभरात भिजला तर तो दोष यंत्राचा नसून नळाचा, म्हणजे पर्यायाने ज्याने नळ जोडला त्या मेहुण्याचा.

येथे दुकानदाराच्या ‘अर्ध्याचा का पाऊणचा’ या प्रश्नाचे महत्त्व कळते. घरातला नळ अर्ध्या इंचाचा असतो आणि यंत्राच्या नळीचा नट पाऊण इंचाचा. त्यांच्यामध्ये एक जोड लागतो, त्या जोडात दोन वायसर लागतात, आणि जुने यंत्र पुण्याहून निघताना हे दोन वायसर हमखास पुण्यातच राहतात. मग येथे स्थानिक विद्या कामी येते. जुन्या वळणाचा मिस्त्री आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा फासतो, नव्या वळणाचा पांढरी टेप पंधरा वेढे मारतो, आणि घाईतला मिस्त्री सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये घालतो. वास्तविक अशा नटात पाणी आट्यांनी अडत नाही, चपट्या रबरी वायसरने अडते. आटे फक्त दाबून धरण्याचे काम करतात. त्यामुळे तिघांपैकी सायकलवाला, ज्याला बाकीचे दोघे हसतात, तोच सिद्धान्ताच्या सर्वांत जवळ असतो.

पाणी येणाऱ्या बाजूस दुसरा प्रश्न दाबाचा. यंत्राच्या तोंडाशी विजेवर उघडणारी एक झडप असते. तिच्यातला रबरी पडदा उघडतो विजेने, पण बंद होऊन घट्ट बसतो तो पाण्याच्याच दाबाने. छपरावरची टाकी यंत्राच्या तोंडापासून तीन मीटर उंच असेल तर तिचा दाब जेमतेम ०.३ बार होतो, आणि बहुतेक यंत्रे एवढ्यावर काम करायला नाखूश असतात. दाब कमी पडला की पडदा नीट बसत नाही, पाणी बंद यंत्रातही थेंबाथेंबाने शिरत राहते, आणि सकाळी घरातील मंडळींना यंत्र रात्रभर स्वतःहून भरले असे वाटून काहीजण त्याला नमस्कारही करतात. टाकी उंच करणे हा यावरचा उपाय आहे. ती उंच केल्यावर गळती थांबते, पण न्हाणीघरातले तीन जुने नळ नव्याने गळू लागतात.

मधल्या धुण्यातली गळती हा या शास्त्राचा सर्वांत संपन्न प्रांत आहे. दाराभोवती जे रबर असते, ज्याला पुस्तकात गॅस्केट आणि येथे ‘पॅकिंग’ म्हणतात, ते बहुधा वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांनाच असते. खालच्या कडेला एक वेगळी पट्टी असते आणि तेथे पाणी मुख्यतः यंत्राच्या ओठामुळे अडते. म्हणजे तीन बाजूंना तटबंदी आणि चौथ्या बाजूला भरवसा, अशी ही रचना आहे, आणि मराठी स्वयंपाकघर त्या चौथ्या बाजूवरच हल्ला करते. पहिला हल्ला परातीचा. भाकरीची परात खालच्या जाळीत उभी केली की फिरत्या फवाऱ्याचा झोत तिच्यावर आपटून थेट दाराच्या खालच्या फटीवर जातो. यंत्र निर्दोष असते, परात निर्दोष असते, दोघांची पत्रिका तेवढी जुळत नाही. दुसरा हल्ला साबणाचा. या यंत्राची पूड मुद्दाम फेस न होणारी बनवलेली असते, पण ती संपली आणि शिरूरच्या किराणा दुकानात मिळाली नाही की भांड्याचा पातळ साबण दोन चमचे ओतला जातो, आणि पाच मिनिटांत दाराखालून फेस अशा दिमाखाने बाहेर येतो की लहान मुले शाळा बुडवतात. फेस ही गळती नव्हे, पण दाराच्या पट्टीला त्याचे काय. ती पाण्याला अडवायला शिकलेली असते, हवेच्या बुडबुड्यांना नाही. आत चमचाभर गोडेतेल टाकले की फेस बसतो. भांडी तेलकट झाल्यामुळे ती पुन्हा धुवावी लागतात, ही वेगळी गोष्ट.

तिसरा हल्ला सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तो गवंड्याने घर बांधतानाच करून ठेवलेला असतो. मोरीकडे पाणी जावे म्हणून शहाबादी फरशीला हलकासा उतार देतात. यंत्राला नळ आणि सांडपाण्याची वाट दोन्ही हवीत म्हणून ते मोरीजवळच ठेवतात. त्यामुळे ते नेहमी पुढे झुकलेले राहते आणि ओठावरून पाणी सांडते. सांडलेले पाणी उताराने निमूट मोरीत जाते. गवंड्याने गळती निर्माण केली आणि तिची विल्हेवाटही लावली, यामुळे कित्येक घरांत यंत्र वर्षानुवर्षे गळत असूनही उत्तम चालले आहे असा समज असतो. पुढच्या दोन पायांचे स्क्रू फिरवून यंत्र समपातळीत आणणे हे पाच मिनिटांचे काम आहे, मात्र त्यासाठी कोणीतरी पाणपातळी लावून पाहावे लागते, आणि ती गवंड्याकडे असते.

पॅकिंग खरोखरच गेले असेल तर त्याचे कारण बहुधा बोअरचे पाणी. दख्खनच्या बेसाल्टमधून येणाऱ्या या पाण्याला येथे ‘जड’ म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, डाळ त्यात लवकर शिजत नाही आणि बादलीवर पांढरी पुटे चढतात. तीच पुटे रबरावर चढली की रबर मऊपणा सोडून देते. यंत्रात यासाठी मिठाचा एक कप्पा असतो: क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनच्या मण्यांना ते मीठ पुन्हा ताजेतवाने करते. त्यात शुद्ध, भरड मीठ घालायचे असते. आयोडीनचे बारीक मीठ घातले तर ते गच्च बसते, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना यंत्राला मीठ लागते हे कळल्यावर त्या प्रथम त्याची दृष्ट काढतात. रबर कडक झाले की खोबरेल लावायची प्रथा आहे, पण ही रबरे तेलाने मऊ न होता फुगतात. आधी कोमट पाण्याने आणि जुन्या दातब्रशने खाचेतला मसाल्याचा थर काढावा. निम्म्या वेळा गळती तेवढ्यानेच थांबते आणि रबर बदलायची वेळच येत नाही. बदलायचेच असेल तर नवे रबर गरम पाण्यात घालून त्याच्या घड्या मोडाव्यात आणि वरच्या कडेच्या मध्यापासून दोन्हीकडे दाबत यावे. एका टोकापासून ताणत आणल्यास शेवटी दोन बोटे रबर उरते, मिस्त्री ते कापतो, आणि आठवड्याने रबर आकसल्यावर तेथेच दोन बोटांची फट पडते.

पंपाच्या सीलची कथा वेगळी आहे आणि या भागाला अभिमान वाटावा अशी आहे. फिरणारा दांडा जेथे पाण्यातून बाहेर मोटारीकडे जातो तेथे एक कार्बनची कडी एका सिरॅमिकच्या कडीवर स्प्रिंगने दाबून बसवलेली असते. दोघींच्या मधला पाण्याचा पातळ पापुद्रा हेच त्यांचे वंगण. यंत्र वर्षभर पडून राहिले की तो पापुद्रा वाळतो, क्षाराने कड्या एकमेकींना चिकटतात, आणि पहिल्यांदा चालू करताच सील फाटते. टेंपोतून आलेले यंत्र पुण्यात गळत नव्हते आणि येथेच गळू लागले, या वादाचे उत्तर त्या दोन कड्यांत आहे. आता शहरात हा दोष निघाला की अख्खा पंप बदलायला सांगतात. पण शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानांची रांग आहे, आणि त्या दुकानदारांनी आयुष्यभर दुसरे काही केलेले नाही. हीच कडी, हीच स्प्रिंग, फक्त मापाने मोठी, ते डोळे झाकून बसवतात. पाच अश्वशक्तीच्या, म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या मोटारी उचलणाऱ्या त्या हातांत जेमतेम शंभरेक वॅटचा हा पंप ठेवला की दुकानात प्रथम शांतता पसरते, मग कोणीतरी विचारतो, “ह्याच्यावर काय भिजवता?” ज्या गावाला लोक घोडनदी म्हणून ओळखतात तेथे अश्वशक्तीचा इतका अपमान पूर्वी झाला नसावा. पण काम होते, आणि दुकानदार पैसे घेताना संकोचतो.

शेवटच्या टप्प्यातली, म्हणजे सांडपाण्याच्या नळीची गळती समजून घेण्यासाठी एका सार्वजनिक घटनेचा आधार घ्यावा लागतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ नव्या मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांत पाणी शिरून शेकडो संसार भिजले. तो प्रसंग विनोदाचा नव्हता. विनोद नंतर आला, जेव्हा तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी कालवा पोखरल्याचे कारण सांगितले. महाराष्ट्र त्यावर पुष्कळ हसला. परंतु डिशवॉशरच्या अभ्यासकाला ते निदान हसण्यावारी नेता येत नाही, कारण यंत्रामागच्या उबदार, अंधाऱ्या, खरकट्याच्या वासाच्या जागेत राहणारा उंदीर सांडपाण्याची प्लॅस्टिकची नळी खरोखरच कुरतडतो आणि पावसाळ्यात धान्याच्या कोठीऐवजी तेथेच मुक्काम ठोकतो. या निदानात खेकडे तेवढे वगळावे लागतात. उपाय करतानाही स्थानिक अडचण आहे: शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती, दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेकचा सिद्धिविनायक, आणि या दोन अष्टविनायकांच्या मधल्या प्रदेशात मूषकावर थेट कारवाई करायला अनेक घरे कचरतात. त्यामुळे नळीभोवती तारेची जाळी गुंडाळतात, म्हणजे वाहनालाही धक्का नाही आणि नळीलाही नाही.

नळी उंदराने सोडली तरी तिच्या मांडणीत एक चूक राहते. ती मोरीत सरळ खाली सोडली तर गेलेले पाणी उलटून आत येऊ शकते. म्हणून ती आधी ओट्याच्या उंचीपर्यंत वर न्यायची, तेथे वळण द्यायचे आणि मग खाली उतरवायची. हे दौंडमध्ये समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. मनमाडकडून येऊन सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंड जंक्शनात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि गाडी आली त्याच दिशेने पुन्हा बाहेर निघे. कॉर्ड लाइन झाल्यावर कर्नाटक एक्स्प्रेससारख्या गाड्या जंक्शनाबाहेरून परस्पर जाऊ लागल्या. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एखाद्या फिटरमामांना नळीचे वळण दाखवले तर ते एवढेच म्हणतात, “म्हणजे कॉर्ड लाइन टाकायची.” वाफेच्या इंजिनांच्या काळापासून ग्लँड, पॅकिंग आणि वायसर यांत वाढलेल्या गावाला यंत्राच्या गळतीचे कौतुक नसते. इंजिन गळतच असे, आणि तरीही वेळेवर सुटे, असे ते सांगतात. यातला दुसरा भाग पडताळून पाहण्याची गरज नाही.

इतके सर्व झाल्यावरही यंत्र कधीकधी नुसते गुणगुणत बसते, पाणी घेत नाही आणि पडद्यावर एखादा संकेतांक दाखवते. याचा अर्थ तळाच्या ताटलीत पाणी साचून तेथला थर्मोकोलचा तरंगा वर उचलला गेला आहे आणि त्याने खटका दाबून यंत्राला पाणी घेण्यास मनाई केली आहे. यावर दाजींनी मोबाइलवर पाहिलेला उपाय असा की यंत्र पंचेचाळीस अंशांत मागे कलवायचे, म्हणजे ताटलीतले पाणी मागून सांडते, तरंगा खाली बसतो आणि यंत्र शहाण्यासारखे चालू लागते. चौघांनी यंत्र कलवायचे, एकाने खाली पोते सरकवायचे आणि एका आत्याबाईंनी “सावकाश, सावकाश” म्हणायचे, असा हा सोहळा पंधरवड्यातून एकदा होऊ लागतो. यात पाणी जाते पण गळती राहते, हे कोणी बोलून दाखवत नाही, कारण एवढी माणसे एका कामासाठी एरवी एकत्र येत नाहीत. काही घरांत तर तरंगाच काढून टाकतात. मग यंत्र गळतीविषयी एक अक्षर बोलत नाही, आणि पाणी विजेच्या तारांपर्यंत पोहोचल्यावर घरच बोलू लागते.

आणि तरीही, योग्य वायसर, योग्य उतार, स्वच्छ पॅकिंग आणि नवे सील यांच्या साहाय्याने जुने यंत्र कोरडे ठणठणीत करता येते, असा अनुभव आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. कालव्याला सिमेंटचे अस्तर करायचे ठरले की काठावरचा शेतकरी अस्वस्थ होतो, कारण कालव्यातून पाझरणाऱ्या पाण्यावरच त्याची विहीर भरलेली असते; खात्याच्या कागदावर जी गळती तीच त्याच्या सातबाऱ्यावरची बागायत. घराच्या मागच्या दारी तसाच एक लाभार्थी असतो, तो म्हणजे मोरीच्या तोंडाशी वाढलेला अळू. यंत्राच्या येणाऱ्या नळीचे स्वच्छ पाणी ठिबकत असते तोवर त्याची पाने सुपाएवढी होतात. जाणाऱ्या नळीचे क्षाराचे पाणी मिळू लागले तर ती कडेने करपतात. म्हणजे गळती कोणत्या बाजूची आहे हे मिस्त्रीच्या आधी अळू सांगतो, आणि पैसे घेत नाही. दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांत अळू माना टाकतो, श्रावण तोंडावर आलेला असतो, वड्यांचे बेत ठरलेले असतात, आणि दुपारी सर्वजण झोपले असताना घरातल्या थोरल्या आक्का मोरीजवळ बसून पाऊण इंचाचा नट हाताने अर्धा आटा सैल करून ठेवतात.